बाई, सखीला नाव नव्हतं

बाई,

काल शाळेत तुमची शोकसभा झाली. मोठ्या बाई उभ्या राहून म्हणाल्या, "देशकर बाई कधीच एकट्या नव्हत्या. अभिजात साहित्य हीच त्यांची सोबत होती." सगळ्यांनी माना हलवल्या. मी मागच्या बाकावर होते. मला हसू आलं आणि ते लपवायला पदर तोंडाशी न्यावा लागला. शेजारच्या चित्रकलेच्या बाईंना वाटलं मी रडते आहे. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढीचनात. मग मात्र खरंच रडू आलं.

तुम्ही असता तर त्या वाक्याचं काय केलं असतं ते मला ठाऊक आहे. "पुस्तक सोबत करतं म्हणणाऱ्याला एकदा तापात पडू द्या. उठून पाणी देतं का ते बघू." हे तुम्ही वर्गातसुद्धा म्हणायच्या. मुली हसायच्या. तुम्ही हसत नव्हता.

तुमचा स्वभाव संशयी होता हे काल कोणी बोललं नाही. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलत नाहीत. पण शाळेत कोणी तुम्हाला दोनदा नमस्कार केला तर तुम्ही विचारायच्या, "काय काम आहे?" दूधवाल्याने जास्त दूध घातलं तर पातेलं उजेडात धरून पाहायच्या. आणि सगळ्यात जास्त संशय पुस्तकांवर. मी मात्र तुमच्यावर संशय घेत होते. तुम्हाला ते माहीत होतं. तरी सांगते, कारण तुम्ही गेल्यावरही तो पुरता गेलेला नाही.

मी शाळेत लागले तेव्हा नुकतीच बी.एड. झाले होते. लकडगंजात लाकडाच्या टालीवर हमाली करणाऱ्याची मुलगी. घरच्यांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची होते. घरातले देव गेले आणि भिंतीवर एकच फोटो राहिला, तो मला स्वच्छ आठवतो. मेश्राम हे आडनाव सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर थांबतो. त्या थांबण्यावरून माणूस ओळखायला मी लहानपणीच शिकले होते. तुम्ही थांबला नाहीत. त्याचाही मला संशय आला.

स्टाफरूमच्या कोपऱ्यात मी वह्या तपासत होते. तुम्ही सरळ समोर येऊन बसलात.

"अकरावीला तू ती विरहाची कविता शिकवलीस ना? मुलींना काय सांगितलंस?"

"नायिका एकटी आहे. दुःख सांगायला कोणी नाही, म्हणून ती सखीला सांगते की..."

"थांब. सखीला सांगते ना? मग एकटी कशी?"

मी हातातली वही मिटली. तुम्ही उठताना म्हणालात, "शनिवारी सकाळची शाळा सुटली की घरी ये. सक्करदऱ्याला, तलावाच्या अलीकडे. यावर बोलू."

घरी मायला सांगितलं तर ती तांदूळ निवडता निवडता थांबली.

"काहून बोलावलं तिनं तुले?"

"पुस्तकावर बोलायला, माय."

"पुस्तकावर बोलाले घरी काहून लागते? शाळेत का तोंड शिवून ठेवलं तिचं?" मग सूप झटकून म्हणाली, "बामनाची बाई फुकट चहा पाजत नाई वं. जाय. पन तिले काय पाहिजे ते पाहून ये."

मी गेले ते पाहायलाच.

तुमचं घर मला अजून पहिल्या दिवसासारखं दिसतं. पुढे व्हरांडा, मग तुमची खोली, भिंतीला लागून पुस्तकांचं कपाट, आणि मागच्या दोन खोल्यांना कुलूप. माणसं नसलेल्या घरात भांडी कशी फार नीट लावलेली असतात, तशी तुमची लावलेली होती. तुम्ही चहा टाकलात आणि माझी उलटतपासणी सुरू झाली. तुमचं म्हणणं असं, की जुन्या साहित्यात खरा एकटा माणूस कुठे नाहीच. राजकन्येला सखी आहे. वनवासात निघालेल्याच्या मागे घरचं माणूस आहे. कोणीच नसलं तर पोपट आहे, नदी आहे, झाड आहे, आणि ते सगळे कामधंदा सोडून ऐकायला थांबतात. ऋषी एकांतासाठी रानात जातो आणि दुसऱ्याच पानावर त्याच्या दारात कोणी तरी येऊन उभं राहतं.

"आश्रम कसला, धर्मशाळा आहे ती," तुम्ही म्हणायच्या. "ज्याला हे सगळं लिहायला सुचलं, तो एकटा राहिलेलाच नाही. किंवा राहिला असेल, आणि खोटं बोलला असेल."

"खोटं कशासाठी?"

"कारण खरं लिहिलं तर त्यात कोणी बोलणारच नाही. पानंच्या पानं कोरी."

मला तुमचं बोलणं आवडलं. आणि आवडलं म्हणून मी सावध झाले. पुढच्या शनिवारी पुन्हा गेले, मग त्याच्या पुढच्या. माय दर वेळी विचारायची, "काय मांगितलं तिनं?" मी म्हणायची, काहीच नाही. माय म्हणायची, "मांगन."

एकदा मी तुम्हाला म्हटलं, "बाई, तुमच्या त्या पुस्तकांत एकट्या राजाला रडायला नदी आहे. त्याच नदीवर गावाच्या खालच्या अंगाला आमची माणसं पाणी भरत असतील. ती कुठे आहेत? वेशीबाहेर ज्यांना ठेवलं त्यांच्यापेक्षा एकटं कोण होतं?"

दुसरी कोणी असती तर लगेच चार संतांची नावं सांगितली असती. तुम्ही विषय बदलला आणि मला वाटलं, संपलं. आता बोलावणं येणार नाही. पुढच्या शनिवारी गेले तर कपाट अर्धं रिकामं आणि पुस्तकं पलंगावर पसरलेली.

"आठवडाभर शोधलं," तुम्ही म्हणालात. "दोन-चार ठिकाणी सापडतात. वाट अडवल्याबद्दल शिक्षा होते तेवढ्यापुरती. किंवा एखाद्या मोठ्या माणसाचा मोठेपणा दिसावा म्हणून. ती घरी गेल्यावर काय करतात, हे कोणी लिहिलेलं नाही." मग माझ्याकडे न बघता विचारलंत, "काय करतात?"

मी म्हटलं, "भांडतात. रात्रंदिवस माणसात असतात. एकटं राहायला जागाच नसते."

तुम्ही बराच वेळ पुस्तकं परत लावत राहिलात. मी मदत केली. त्या दिवशी आपलं पहिल्यांदा बरोबरीने बोलणं झालं असं मला वाटतं. पण त्याही दिवशी मी चहा प्याले तो त्या निळ्या काठाच्या चिनी मातीच्या कपातून, आणि तुम्ही स्टीलच्या पेल्यातून.

हे मी पहिल्या शनिवारीच पाहिलं होतं. मला कप, तुम्हाला पेला. मायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने पुन्हा जाऊ दिलं नसतं. कप सुंदर होता. पाहुण्याला सुंदर कप देतात, असं म्हणता येत होतं. परक्याला वेगळा कप देतात, असंही म्हणता येत होतं. मी दोन-तीन वर्षं त्या कपातून प्याले आणि दर वेळी दोन्ही म्हणून पाहिलं.

शेवटी एकदा तुम्ही व्हरांड्यात दूधवाल्याशी वाद घालत असताना मी आत चहा गाळला. माझ्यासाठी पेल्यात, तुमच्यासाठी कपात. तुम्ही आत आलात, पाहिलंत, आणि बसलात.

"विचारायचं होतं ना," तुम्ही म्हणालात.

मी पेला उचलला.

"पहिल्या दिवशी हात सवयीनं वरच्या फळीवर गेला. आमच्या घरी परक्यांचे कप वर असायचे. दुसऱ्या शनिवारी माझ्या लक्षात आलं. पण एकदम पेला दिला असता तर आधी काय होतं ते तुला कळलं असतं. म्हणून तोच देत राहिले. भित्रेपणा."

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग पुन्हा आलीस कशाला?"

"तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं."

ते अर्धंच खरं होतं. शाळेत सगळ्या जणी महागाई भत्त्यावर आणि साड्यांवर बोलायच्या. माझ्याशी तेवढंही नाही. शनिवारची दुपार सोडली तर माझ्या डोक्यात जे चाललेलं असे ते ऐकणारं शहरात कोणी नव्हतं. पण हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुमच्या हातात काही तरी गेलं असतं. तुम्ही चिनी मातीच्या कपातून चहा संपवलात. पुढे ज्याच्या हाताला जे येईल त्यात आपण चहा पीत गेलो. पण सायकलवरून घरी जाताना माझ्या मनात आलंच: बाईंनी इतक्या लवकर कबूल कसं केलं? ही कबुली खरी, की मला धरून ठेवायची नवी रीत?

बाई, तुम्ही दुसऱ्या बाबतीत असं कुठे कबूल करायच्या? तुम्ही कुंकू लावायच्या आणि घरात पुरुषाची चप्पल नव्हती. एकदा धीर करून विचारलं तर म्हणालात, "वारले."

"मग कुंकू?"

"सवय."

मी विश्वास ठेवला नाही. पुन्हा विचारलंही नाही.

आणीबाणी उठली त्याच सुमाराला तुम्ही निवृत्त झालात. त्याच्या आदल्या वर्षी माझे वडील गेले होते. मी आणि माय टालीच्या मागच्या खोलीत राहत होतो. टालमालकाला तिथे दुसरी आरा मशीन बसवायची होती, म्हणून त्याने दिवाळीपर्यंत खोली सोडायला सांगितलं. मी खोल्या पाहत फिरत होते. नाव सांगेपर्यंत खोली रिकामी असायची. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही लगेच म्हणालात, "मागच्या दोन खोल्या पडूनच आहेत. आईला घेऊन ये."

"भाडं?"

"भाडं कसलं गं?"

तिथे मी बिथरले. त्याच आठवड्यात तुमच्या दारात तुमचा धाकटा भाऊ भेटला होता, इतवारीत भांड्यांचं दुकान असलेला. तो मोठ्या गोडीने म्हणाला होता, "ताईला दम्याचा त्रास आहे. जवळ कोणी असलेलं बरं. तुम्ही शिकलेल्या आहात, सांभाळून घ्याल." मी दोन्ही गोष्टी जोडल्या. मायचा इतक्या वर्षांचा प्रश्न होता, तिला काय पाहिजे. मला वाटलं, सापडलं.

"बाई, तुम्हाला सोबत पाहिजे की सेवेला बाई?"

"फरक काय आहे?" तुम्ही विचारलंत. खरंच विचारलंत, टोमणा नव्हता. पण मी पेटले होते.

"फरक तुम्हाला माहीत आहे. तुमच्या त्या काव्यातली सखी. ती रात्र रात्र जागते, चंदन उगाळते, निरोप घेऊन जाते. तिला कधी ताप येत नाही. तिचं घर कुठे आहे कोणाला माहीत नाही. तिला कित्येकदा नावसुद्धा नसतं. नायिकेचं दुःख संपलं की ती पानावरून नाहीशी होते. मला तुमच्या घरातली सखी व्हायचं नाही."

तुम्ही चष्मा काढलात. "आणि मी कोण त्यात? नायिका? बघ जरा माझ्याकडे."

मी बघितलं नाही. उठून आले.

मग शनिवार बंद झाले. शाळेत तुम्ही नव्हता, त्यामुळे भेट होण्याचं कारणच उरलं नाही. मी दुपारी वर्गात ती जुनी कविता शिकवायची आणि सखीचं नाव आलं की पुढचं वाचायची.

थोड्या दिवसांनी मला घरात काही तरी वेगळं जाणवू लागलं. मी शाळेतून यायची तेव्हा मोरीत दोन पेले धुऊन पालथे घातलेले असायचे. एकदा निलगिरीच्या तेलाचा वास आला. माय ते लावत नव्हती. एकदा माय म्हणाली, "अवं, ते राजाची पोरगी..." आणि जीभ चावून गप्प बसली. मी विचारलं, कोण येऊन गेलं? "कोन येईल?" ती म्हणाली आणि उगाचच चुलीजवळ गेली. मला वाटलं टालमालक येतो, दम देतो, आणि ती माझ्यापासून लपवते.

सहामाही परीक्षा सुरू झाली आणि एक दिवस माझं काम सकाळीच संपलं. मी न सांगता घरी आले. आरा मशीन जोरात चालू होती. दारापाशी पोचले तर तिच्या वर चढलेला तुमचा आवाज ऐकू आला. तुम्ही आमच्या चटईवर भिंतीला टेकून बसला होता, मांडीवर पुस्तक, आणि विरहिणीचा विलाप वाचत होता. मशीनमुळे तो तुम्हाला ओरडून वाचावा लागत होता. जन्मभर तो विलाप मी हळू आवाजात ऐकला आणि हळू आवाजात शिकवला. तुम्ही तो लाकडाचा भाव सांगावा तसा ओरडत होता. केसांवर भुसा पडलेला. समोर माय पोत्यावर आडवी होऊन स्वस्थ झोपली होती.

मशीन थांबली. त्या शांततेत तुमचं पुढचं वाक्य तेवढ्याच जोरात आलं आणि माय दचकून उठली. मला पाहून म्हणाली, "आली वाटते."

"किती दिवस चाललंय हे?"

"तुले काहून सांगावं?" माय म्हणाली. "तू तं भांडून बसली."

मी तुमच्याकडे वळले. "मायला फितवायला आलात. ती हो म्हणाली की मला यावं लागेल."

"हो," तुम्ही म्हणालात. "पहिल्या दिवशी त्यासाठीच आले होते."

"आणि नंतर?"

तुम्ही मायकडे पाहिलंत. मायने पानाचा डबा पुढे ओढला. "नंतर काय? बसते, वाचते. मले तिचं काई समजत नाई. पन तुहा बाप गेला तेव्हापासून दुपारी हे घर खायाले उठते. हे बोलते तं झोप लागते."

"मी इतकी वर्षं शिकवलं," तुम्ही म्हणालात, "झोपलेल्या माणसासाठी कधी वाचलं नव्हतं. बरं वाटतं. ती काही तपासत नाही."

मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी रागावले. तुम्ही पुस्तक पिशवीत घालून निघालात. मी थांबवलं नाही. तुम्ही गेल्यावर मायने सुपारी कातरत सहज सांगितलं, "तिचा नवरा जिता हाय. जबलपूरले. दुसरी केली त्यानं. वीस वर्षं झाले, हे कुंकू लावते न् त्याच्या नावानं बोटं मोडते."

बाई, त्या वेळी मला जे झालं त्याला काय म्हणू? मला तुम्ही "वारले" म्हणाला होता. मी तुमच्या कपाटातलं पुस्तक न् पुस्तक उघडून पाहिलं होतं, शब्दाशब्दावर तुमच्याशी भांडले होते. आणि खरं तुम्ही सांगितलंत ते माझ्या मायला, जिला तुमचा एक श्लोक कळत नव्हता. सखी व्हायचं नाही म्हणून मी उठून गेले होते. त्या जागेवर माय जाऊन बसली, तेव्हा मला ती जागा हवीशी वाटली.

दिवाळीच्या आधी आम्ही सक्करदऱ्याला आलो. माझ्या अटींवर. भाडं घ्यायचं, पावती द्यायची, चूल वेगळी. तुम्ही सगळ्याला मान डोलावलीत. वेगळ्या चुलीचं काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. आमच्याकडची आंबाडीची भाजी तुमच्या ताटात आणि तुमचा गोळाभात मायच्या ताटात, असं महिन्याभरात सुरू झालं. पावती मात्र तुम्ही दर महिन्याला देत राहिलात, सही करून. मी ती दर वेळी वाचून घेत होते.

तुमचा भाऊ एकदा आला आणि त्याने व्हरांड्यात उभ्याउभ्याच विचारलं, "ताई, घर त्यांच्या नावे तर करून दिलं नाहीस ना? लोक काय काय बोलतात." तुम्ही म्हणालात, "लोकांना विचार, दम्याला काय घेतात. तेवढं कोणी सांगत नाही." तो गेल्यावर तुम्ही मला विचारलंत, "तुला हवं आहे का घर?" मी म्हटलं नको. तुम्ही माझ्याकडे पातेलं उजेडात धरल्यासारखं पाहिलंत. मग म्हणालात, "बरं."

मायने शेवटपर्यंत आपला संशय सोडला नाही. दुपारी तुमच्या शेजारी पाय पसरून बसायची, तुमच्या पाठीला तेल चोळायची, आणि मध्येच विचारायची, "बाई, खरं सांगा, तुमाले काय पाहिजे?" तुम्ही म्हणायच्या, "आठवून सांगते, भागाबाई." तुम्ही दोघी भांडायच्या तेव्हा गल्लीला कळायचं. माय तुम्हाला "हे बाई" म्हणायची, समोरसुद्धा. मी शाळेतून आले की तुम्ही दोघी एकदम गप्प व्हायच्या आणि मला वाटायचं माझ्याबद्दलच चाललं होतं. चाललेलं असायचंच.

माय गेली त्या उन्हाळ्यात कूलरचं पाणीसुद्धा गरम येत होतं. तुम्ही तिच्या पायांपाशी बसून राहिलात. भंतेंनी वंदना म्हटली तेव्हा तुम्हाला शब्द येत नव्हते, तरी ओठ हलत होते. माणसं गेल्यावर मला म्हणालात, "सखी मेल्याचं एकही काव्य नाही. मी वाचलेल्यात तरी नाही. नायिका मरते, राजा मरतो, हरीण मरतं. सखी मरत नाही. ती नुसती पुढच्या अंकात नसते."

मी म्हटलं, "शोधू का?"

"नको. नाहीच आहे." मग म्हणालात, "भागीरथा. तिचं नाव भागीरथा होतं. बाकी सगळ्यांनी भागा केलं होतं. तिला पूर्ण नाव आवडायचं."

हे मला माहीत नव्हतं. माझ्या मायचं.

त्यानंतर तुम्ही मोठ्याने वाचणं सोडलं. मी दुपारची घरी असले तरी नाही. एकदा मी म्हटलं, वाचा ना, मी ऐकते. तुम्ही म्हणालात, "तू तपासतेस." आपण दोघी उरलो आणि वाद तेवढे उरले. मी तुम्हाला सांगितलं की आमच्याकडे घर सोडून एकट्याने सत्य शोधायला निघालेल्यालासुद्धा शेवटी भिक्खूंचा संघ लागला. एकट्याचं एकट्याने भागत नाही, हे आमच्या लोकांना आधीच कळलं होतं. तुम्ही म्हणालात, "किंवा त्यांनाही दम्याचा त्रास असेल." मी रागावले. तो वाद तिथेच राहिला आहे, बाई. माझ्याकडे त्याचं चांगलं उत्तर होतं. मला ते दवाखान्यात सुचलं, तुमच्या नाकाला नळी लावलेली असताना, आणि तेव्हा बोलणं बरं दिसलं नसतं.

दवाखान्यात तुम्हाला बायकांच्या मोठ्या वॉर्डात खाट मिळाली. शेजारच्या खाटेवरची म्हातारी दिवसभर बोलायची. चार मुलगे, चौघांना नोकऱ्या, थोरला पोलिसात. नर्स तुम्हाला म्हणाली, कोपऱ्यात शांत जागा रिकामी झाली आहे, हलवू का? तुम्ही मान हलवून नको म्हणालात. मी वाकले तेव्हा माझ्या कानाशी पुटपुटलात, "सगळं खोटं सांगते ती. भेटायला एकही आलेला नाही. बोलू दे."

मी शाळा सुटली की रोज येत होते. आपण फारसं बोललो नाही. तुम्हाला धाप लागायची आणि मला, खरं सांगते, भीती वाटायची की तुम्ही काही तरी शेवटचं बोलाल आणि मला त्यावर विश्वास ठेवावा लागेल. तुम्ही तसं काही बोलला नाहीत. त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. तुम्ही गेलात सकाळी, मी प्रार्थनेच्या रांगेत उभी असताना. शिपाई निरोप घेऊन आला.

तुमच्या भावाने सगळं रीतसर केलं. मला मागे उभं राहू दिलं, त्याबद्दल तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तुमचा चष्मा, शाल आणि तांब्या राहिला होता तो आणायला मी संध्याकाळी गेले. तुमच्या खाटेवर नवी चादर होती. म्हातारी उठून बसली.

"गेली का वं तुही बाई?"

"हो, आजी."

"लय खोटारडी होती," ती म्हणाली. "मी तिले इचारलं, हे पोरगी रोज येते, तुही लेक का? तं म्हने, नाई. मंग भाची? नाई. सून? नाई. तं म्हने, माही भाडेकरू हाय." म्हातारीने माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "भाडेकरू असी रोज येते का कुठी? उशी नीट करते का? मले तवाच समजलं, हे लपवून राहिली. सांग, कोन व्हय तू तिची?"

बाई, मी तुमची शाल हातात घेऊन उभी राहिले. तुम्ही मला लेक म्हणाला असता तर मी म्हटलं असतं, शेवटी नातं चिकटवलंत. सखी म्हणाला असता तर भांडायला पुन्हा जागा उरली असती. तुम्ही नेमका तोच शब्द दिलात जो मी तुमच्याकडून हट्टाने घेतला होता. मान ठेवलात माझा? की इतक्या वर्षांनी सूड उगवलात? तुमच्या आवाजात तो शब्द कसा आला असेल, हसत की धापा टाकत, हे मी त्या म्हातारीला विचारणार होते. पण तिच्यावर कसा भरवसा ठेवायचा?

"खरंच भाडेकरू आहे, आजी," मी म्हटलं. "माझ्याकडे पावत्या आहेत."

तिला ते पटलं नाही. तोंड फिरवून ती दाराकडे पाहू लागली. भेटायला आलेली माणसं वॉर्डभर पसरली होती, डबे उघडत होती, केस विंचरून देत होती. तिच्या खाटेपाशी स्टूल रिकामं होतं. भेटीची वेळ संपायला अवकाश होता. मी ते ओढून बसले.

तिने माझ्याकडे वळून पाहिलं, माझा अंदाज घेतला, आणि थोरल्यापासून सुरुवात केली. पहिल्याच वाक्यात ती खोटं बोलते आहे हे मला कळलं. मी म्हटलं, "मग?"